पिशोरची पऱ्हाटी आणि पंचायतीचे काम

माघ उतरणीला लागला की कन्नडहून पिशोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळच्या वेळी धुराचा एक ओळखीचा वास येऊ लागतो. कपाशीची शेवटची वेचणी झालेली असते. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाबांधाला लागलेले असतात, आणि दिवस मावळला की शेतकरी त्यांना काडी लावून देतो. त्याच रस्त्याने डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया गावाकडे परतत असतात, आणि त्या मोळ्यांतही बहुधा पऱ्हाटीच असते. एकच काडी बांधावर जळते ती नकोशी झाली म्हणून, आणि चुलीत जळते ती मिळाली नाही तर भाकरी होणार नाही म्हणून. टाकाऊ लाकडापासून ऊर्जा निर्माण करावी आणि त्या कामी स्थानिक स्वराज्य संस्थांनी साहाय्य करावे, या विषयावर बोलायला उभे राहताना आमच्या डोळ्यांपुढे ही दोन चित्रे एकदमच येतात. त्यांतले एकच पाहून बोलणारे लोक पुष्कळ आहेत. आम्ही दोन्ही धरून बोलण्याचा प्रयत्न करणार आहोत.

प्रथम ‘टाकाऊ लाकूड’ म्हणजे काय ते पाहू. शहरात हा शब्द उच्चारला की रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, वखारीतला भुसा, सुताराच्या ढलप्या आणि मोडक्या खुर्च्या डोळ्यांपुढे येतात. पिशोरच्या बाजूला वखारी थोड्या आणि शेती फार. तेथे टाकाऊ लाकूड म्हणजे पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, दाणे काढून उरलेली मक्याची कणसे आणि माजलेली वेडी बाभूळ. पऱ्हाटीला काडीकचरा म्हणण्याची आपल्याला सवय आहे, पण तिची जात लाकडाची आहे. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेल्या कापूस प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, याच पऱ्हाटीपासून लाकडी भुशाच्या फळ्यांसारख्या फळ्या करून दाखविल्या आणि पुढे जळणाच्या विटा व गोळ्याही केल्या. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. वाळल्यावर तिच्या एका किलोत सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. आपल्या खाणींतल्या हलक्या कोळशाच्या जवळपासच हा आकडा जातो.

तिला नूतनीकरणक्षम का म्हणायचे, हे दोन वाक्यांत सांगून पुढे जाऊ. कोळशातला कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला होता, तो आपण उकरून हवेत सोडतो. पऱ्हाटीतला कर्ब गेल्या पावसाळ्यात झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, आणि तो परत हवेत गेला तरी पुढच्या आषाढात नवे पीक तो पुन्हा ओढून घेते. मात्र यावरून धूर निरुपद्रवी ठरत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांना कर्ब जुना की नवा याने काही फरक पडत नाही.

मग इतके चांगले जळण शेतकरी बांधावर का जाळतो? तो आळशी किंवा अडाणी आहे म्हणून, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा पऱ्हाटीची ट्रॉली भरून पाहावी. काड्या एकमेकींत अडकतात आणि मध्ये नुसती हवा राहते. ट्रॉली डोळ्यांना शिगोशीग भरलेली दिसते, काट्यावर मात्र वजन हसू येईल इतके थोडे भरते. डिझेल हवेसाठीच जाळल्यासारखे होते. मजुरी आहेच. शिवाय घाई असते, कारण रान मोकळे करायचे असते. आणखी एक कारण २०१७ सालापासून सर्वांना पाठ झाले आहे. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरून टाकली. या अळीची राहण्याची जागा म्हणजे झाडावर राहून गेलेली किडकी बोंडे. तेव्हापासून कृषी विद्यापीठे आणि कृषी खाते दर वर्षी सांगत आले आहे की फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी उपटा आणि तिचे ढीग शेताजवळ साठवून ठेवू नका. म्हणजे पूर्वी जो शेतकरी पावसाळ्यापर्यंत पऱ्हाटीची उडवी रचून ठेवीत असे, त्याला आता ती उडवी पुढच्या पिकाची वैरीण वाटते. काडी लावणे हा त्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

येथे यंत्राचा प्रवेश होतो. पऱ्हाटी आधी कुट्टी यंत्रात बारीक करायची, वाळवून तिच्यातला ओलावा शेकडा दहाच्या आसपास आणायचा आणि मग दट्ट्याच्या यंत्रात जबरदस्त दाबाने ठोकायची. दाबाने उष्णता निर्माण होते, आणि लाकडातच असलेला लिग्निन नावाचा चिकट पदार्थ मऊ होऊन भुसा एकमेकाला धरतो. बाहेरून डिंक लागत नाही की शेण लागत नाही. बाहेर पडते ती दंडगोल कांडी. व्यापारी तिला पांढरा कोळसा म्हणतात, जरी तिचा रंग तपकिरी असतो. चांगली कांडी पाण्यात टाकली तर बुडते, यावरून ती किती घट्ट असते याची कल्पना यावी. ट्रॉलीत आता हवेऐवजी जळण जाते. कुट्टीत अळीचाही निकाल लागतो.

केंद्र सरकारने या यंत्रांना उत्तेजन दिले आहे. २ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी ८५८ कोटी रुपये ठरले, आणि साध्या विटा-गोळ्यांच्या कारखान्याला ताशी एक टन क्षमतेमागे ९ लाख व प्रकल्पामागे कमाल ४५ लाख रुपये अनुदान ठरविण्यात आले. आपल्या राज्यात अशा योजनांची वाट ‘महाऊर्जा’ या १९८५ साली स्थापन झालेल्या संस्थेकडून जाते. दुसरीकडून औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही भाग शेतकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याची सक्ती आली. २०२४-२५ साली शेकडा ५ आणि २०२५-२६ पासून शेकडा ७, असे ते प्रमाण २०२३ च्या दुरुस्तीने ठरले. सातमाळ्याच्या पलीकडे भुसावळजवळ दीपनगरचे वीज केंद्र आहे आणि खाली परळीचे. तेव्हा पऱ्हाटीला गिऱ्हाईक मिळेल की नाही ही शंका फार दिवस राहणार नाही.

यंत्र आले, अनुदान आले, गिऱ्हाईकही आले. मग पंचायतीसाठी काय उरले? आमच्या मते खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

आम्ही पाहिलेल्या एका गावाची हकीगत सांगतो. गावाचे नाव सांगून उपयोग नाही, कारण अशी गावे एकाहून अधिक आहेत. तेथे उत्साहाने विटांचे यंत्र आणले. पत्र्याची शेड झाली, नारळ फुटला. पहिल्या वर्षी माल ओला आला म्हणून कांड्या सुटून पडू लागल्या. तीन फेजची वीज दिवसा मिळे तेव्हा माणसे रानात असत, आणि माणसे येत तेव्हा वीज गेलेली असे. दुसऱ्या वर्षी कांड्या बऱ्या झाल्या, पण त्या घ्यायच्या कोणी, हे आधी कोणी विचारलेच नव्हते. तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा शेडमध्ये शेळ्या बांधलेल्या होत्या. शेळ्यांची सोय झाली हे चांगलेच, पण एवढ्यासाठी दट्ट्याचे यंत्र नको होते.

याचा थोडा हिशेब करून पाहू, म्हणजे चूक कोठे होते ते ध्यानात येईल. ताशी एक टनाचे यंत्र रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस चालले तर त्याला २००० टन माल लागतो. हेक्टरी दोन टन धरले तर १००० हेक्टरांची सगळीच्या सगळी पऱ्हाटी. सगळी तर मिळणार नाही, आणि मिळूही नये. अर्धी मिळाली तरी २००० हेक्टर कपाशी हवी. हे एका गावाच्या शिवाराचे काम नव्हे. पिशोर, नाचनवेल, चिंचोली लिंबाजी, करंजखेड ही कन्नड तालुक्यातली शेजारशेजारची महसुली मंडळे आहेत. त्या सर्वांनी मिळून एक यंत्र नीट चालवावे एवढाच त्याचा आवाका. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे डॉ. अनिल राजवंशी यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी असे मांडले होते की ऊर्जेच्या स्वयंपूर्णतेचा विचार गावापुरता करू नये आणि जिल्ह्यापुरताही करू नये. तालुका हे त्याचे खरे माप होय. त्यांच्या संस्थेने उसाच्या पाचटासारख्या सुट्या पाल्यावर चालणारी वायूभट्टी करून दाखविली, तीही याच विचारातून. आम्हाला हे मत पटते. गाव लहान पडते, आणि जिल्हा इतका मोठा की काडी वाहून नेण्यातच तिची किंमत संपते.

म्हणून यंत्र विकत घेणे हे ग्रामपंचायतीचे काम नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्र शेतकऱ्यांच्या कंपनीने घ्यावे, बचत गटांच्या संघाने घ्यावे किंवा एखाद्या हुशार व्यापाऱ्याने घ्यावे, आणि अनुदानही त्यांनीच मागावे. पंचायतीने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या दुसऱ्या कोणाला करता येणार नाहीत. गिऱ्हाईक होणे ही त्यांतली पहिली.

पंचायत कसली गिऱ्हाईक, असे वाटेल. गावात एक असे ठिकाण आहे की तेथे जळण लागतेच, ते पुढे ढकलता येत नाही, आणि त्या दिवशी भाव करायला कोणाचे मन होत नाही. स्मशान हे ते ठिकाण. एका दहनाला सुमारे ३०० किलो लाकूड लागते. खेड्यात ते बाभळीचे, लिंबाचे, आंब्याचे असते, आणि पावसाळ्यात ओले असते. मग रॉकेल, टायर, साखर, जे हाताशी येईल ते घालून चिता पेटवावी लागते. ज्यांच्या घरी हा प्रसंग पावसाळ्यात आला असेल त्यांना अधिक सांगायला नको. गरीब घराला तर या लाकडासाठी उसनवारी करावी लागते.

नागपूरला यावर एक वाट निघाली. विजय लिमये यांच्या इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशनने शेतकचऱ्याच्या कांड्या दहनासाठी पुढे आणल्या, त्यांना ‘मोक्षकाष्ठ’ असे नाव दिले, आणि महापालिकेच्या घाटांवर त्या वापरात आल्या. मुंबई महापालिकेने २०२२ साली १४ स्मशानभूमींत लाकडाऐवजी शेतकचरा व फांद्यांपासून केलेल्या अशा विटा वापरण्याचा निर्णय घेतला. नावाचा गुण येथे मोठा आहे. ‘कचऱ्याच्या विटा’ म्हटले असते तर कोणी आपल्या बापाला त्यांवर ठेवले नसते. शास्त्राची शंका काढणारेही असतात, पण कपाशी हे झाडच आहे आणि तिचे काष्ठ हे काष्ठच आहे, एवढे सांगितले की बहुतेकांचे समाधान होते. आंब्याचे एक लाकूड वर ठेवायचे असेल तर ठेवावे, त्याने हिशेब बिघडत नाही.

आता दहा हजार वस्तीच्या गावाचा हिशेब घ्या. हजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला साठ. मुसलमान, लिंगायत आणि दफन करणारे इतर समाज वगळले तर दहने याहून कमीच. पण साठच धरू. साठ गुणिले ३०० म्हणजे १८ टन. हेक्टरी दोन टनांप्रमाणे ही फक्त नऊ हेक्टरांची पऱ्हाटी झाली! साऱ्या गावाचे स्मशान वर्षभर चालायला नऊ हेक्टर कपाशी पुरते, आणि शिवारात शेकडो हेक्टरांची पऱ्हाटी बांधावर जळते. हा हिशेब आम्ही प्रथम केला तेव्हा शून्य चुकले की काय म्हणून पुन्हा केला.

या हिशेबातून उलटी गोष्टही दिसते. एका गावाच्या स्मशानाची गरज यंत्राच्या दोन-तीन दिवसांच्या कामाएवढीच आहे. म्हणून स्मशान हे पहिले गिऱ्हाईक, एकमेव नव्हे. पहिले गिऱ्हाईक मात्र महत्त्वाचे असते. पंचायतीने ठराव करून सांगितले की वर्षाला इतके टन कोरड्या कांड्या आम्ही अमुक दराने घेऊ आणि त्या गावातल्याच मालाच्या असाव्यात, तर यंत्रवाल्याला बँकेत दाखवायला एक कागद मिळतो. मंडळातल्या वीस गावांनी असे वीस कागद दिले तर तो धंदा होतो. त्यात ज्या शाळांचा पोषण आहार अजून लाकडावर शिजतो त्या शाळा येतात, ज्या वसतिगृहांत पाणी तापते ती येतात. पुढे आले सुकवून सुंठ करणारे, मका वाळविणारे, हलवायाच्या भट्ट्या अशी गिऱ्हाइके आपण होऊन येतात.

पैसा कोठून आणायचा? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला त्यातला शेकडा ६० पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेला होता आणि शेकडा ४० गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला मोकळा होता. स्मशानाची शेड आणि दाहिनीची लोखंडी जाळी यांसाठी जनसुविधा योजनेतून अनुदान मिळत आले आहे. जाळी असली की खालून हवा लागते आणि जळण आणखी कमी लागते. साठवणीच्या कोरड्या शेडलाही फार मोठा खर्च नाही. ती वस्तीपासून दूर हवी, विजेच्या तारांखाली नको, आणि शेजारी पाण्याची टाकी हवी, कारण वाळल्या पऱ्हाटीला ठिणगी पुरते. जागेसाठी गायरानावर डोळा ठेवू नये. गायरान ही गुरांची आणि भूमिहीनांची शिल्लक आहे.

व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी विचारले, “हे सगळे चूल आणि चिता यांच्यापुरतेच का? त्यापेक्षा पऱ्हाटीवर वीज करून गाव उजळावे!” प्रश्न चांगला आहे आणि आकर्षकही आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा पाठीला भट्टी लावून कोळशाच्या वायूवर धावणाऱ्या मोटारी आपल्याकडेही होत्या. लाकडापासून वायू आणि वायूवर यंत्र, यात अशक्य काही नाही. अशक्य होतो तो हिशेब.

ऑस्ट्रियात हंगेरीच्या सरहद्दीजवळ ग्युसिंग नावाचे सुमारे चार हजार वस्तीचे गाव आहे. मुलूख गरीब, उद्योग नाही, तरुण कामाला दूरच्या शहरात जात. १९९० साली तेथल्या नगरपालिकेने ठराव केला की सार्वजनिक इमारतींत तेल-कोळसा जाळायचा नाही. त्यांनी आधी उष्णतेची गळती थांबविली. मग १९९६ च्या सुमारास भोवतालच्या जंगलातल्या टाकाऊ लाकडावर पाणी तापवून नळांनी ते घरोघर पोहोचविले. स्वस्त उष्णता मिळते म्हणून लाकडी फरशी करणारे कारखाने गावात आले, आणि त्यांचे तुकडे पुन्हा त्याच भट्टीत जाऊ लागले. २००१ साली लाकडापासून वायू करून वीज निर्माण करणारे केंद्र उभे राहिले आणि गाव जगभर गाजले. पाहुण्यांची रीघ लागली. पुढचे मात्र त्या पाहुण्यांनी फारसे सांगितले नाही. लाकडाचे भाव चढले, विजेला मिळणारा वाढीव दर कायमचा नव्हता, २०१३ साली त्या वीज केंद्राचे दिवाळे निघाले आणि २०१६ साली ते बंद पडले. आपल्या विदर्भातही पऱ्हाटी-तुराट्यांवर चालणारी वीज केंद्रे निघाली, आणि जळणाचा भाव वाढला पण विजेचा दर त्याला पुरेना म्हणून त्यांतली कित्येक थंडावली. लाकूड जाळून वीज केली की बहुतेक उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून वाया जाते. उष्णता म्हणूनच वापरली तर बरीचशी हाती लागते. मराठवाड्यात विजेसाठी ऊन आहे, आणि ते पऱ्हाटीपेक्षा स्वस्त पडते. पऱ्हाटीने जे ऊन करू शकत नाही ते करावे: रात्री, पावसात, भट्टीत.

शहरातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तुमच्या परसात पऱ्हाटी नाही पण फांद्या आहेत. इंदूर महापालिकेने खासगी भागीदारीत फांद्या-पाल्याच्या भुशाचा आणि गोळ्यांचा कारखाना उभारण्याचे २०२५ साली जाहीर केले. त्यात फांद्या पुरविल्याबद्दल महापालिकेलाच टनामागे सुमारे ३००० रुपये मिळावयाचे, अशी योजना आहे. आपल्या नगरपालिका त्याच फांद्या उचलून कचरा डेपोवर नेण्यासाठी पैसे मोजतात. मात्र सर्वच टाकाऊ लाकूड जाळण्याजोगे नसते. मुंबईत कित्येक बेकऱ्या मोडक्या फर्निचरचे स्वस्त लाकूड जाळीत आल्या. त्यातला रंग, सरस, प्लायवूडचा गोंद सगळा हवेत जातो आणि थोडा पावावरही बसतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांनी सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडावा असा आदेश दिला तो यामुळेच. फांदी वेगळी आणि कपाटाचे दार वेगळे, हा भेद यंत्राच्या तोंडाशी नव्हे, कचरा उचलतानाच झाला पाहिजे.

आता त्या मोळीकडे येऊ. त्याच सभेत मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले होते, “पळाटीला भाव आला, तर आम्हाला ती कोण देणार?” आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते पुरेसे नव्हते, असे घरी आल्यावर वाटले. म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आज भूमिहीन घरातली बाई कोणाच्याही रानात जाऊन उपटलेली पऱ्हाटी मागते, किंवा उपटून देण्याच्या बदल्यात घेऊन येते. शेतकऱ्याचे रान मोकळे होते, तिची चूल पेटते, पैसा मध्ये येत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यापासून गॅसची टाकी पुष्कळ घरांत आली. पण रोजंदारीच्या घरात टाकी भरून आणणे महिन्याच्या महिन्याला जमत नाही, आणि ती पाहुण्यारावळ्याला, बाळंतपणाला, पावसाच्या दिवसांत पुरवून वापरली जाते. १४.२ किलोच्या टाकीत सुमारे दीड लाख किलोकॅलरी असतात. गॅसच्या शेगडीवर त्यातला निम्म्याहून अधिक भाग भांड्याला लागतो. तीन दगडांच्या चुलीवर पऱ्हाटीचा आठवा-दहावा भागच लागतो. म्हणजे एका टाकीचे काम करायला दोनशे किलोच्या आसपास पऱ्हाटी वाहून आणावी लागते. हे ओझे तिच्या डोक्यावरचे आहे. आणि उद्या त्याच पऱ्हाटीला कारखान्याचा भाव आला की शेतकरी सहज म्हणेल, आता नाही जमायचे. मग ती कोठे जाईल? गौताळ्याच्या जंगलाकडे. १९८६ साली अभयारण्य झालेल्या त्या जंगलात मोळी तोडणे हा गुन्हा आहे. शेतातली ‘टाकाऊ’ काडी वाचविण्याच्या भरात आपण एका बाईला गुन्हेगार करू आणि जंगलातले उभे लाकूड तोडायला लावू, आणि अहवालात मात्र नूतनीकरणक्षम ऊर्जेचे टन वाढलेले दिसतील.

पऱ्हाटी शेतकऱ्याच्या मालकीची आहे. ती फुकट द्या असे पंचायत त्याला सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण पंचायत गिऱ्हाईक असेल, जागा देणारी असेल, तर तिच्या करारात तिच्या अटी असतात. माल गोळा करण्याचे काम गावातल्या सरपण वेचणाऱ्या बायांच्या गटालाच मिळावे, आणि मजुरी काट्यावरच्या वजनाप्रमाणे त्याच दिवशी मिळावी. ज्या घराला पैशाऐवजी जळण हवे त्याला मजुरीचा भाग कांड्यांच्या रूपाने घेता यावा. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांच्या वाट्याचे जळण आधी बाजूला काढावे आणि उरलेलेच बाहेरच्या गाडीत चढावे. सुधारलेली चूल दिली तर त्याच जळणावर जवळजवळ दुप्पट स्वयंपाक होतो, म्हणजे तिच्या डोक्यावरचा भारा निम्मा होतो. यंत्र परवडत नसेल तेथे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची रीत पाहण्याजोगी आहे. लोखंडी पिंपांच्या भट्टीत पाचट कोंडून जाळायचे, त्याचा कोळसा करायचा, आणि खळीत मळून हातयंत्राने वड्या पाडायच्या. विजेची गरज नाही, वड्यांना धूर नाही. या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. पाचटाऐवजी पऱ्हाटीची कुट्टी घेतली तरी तत्त्व तेच.

मातीचाही वाटा आहेच. सगळी पऱ्हाटी उचलून नेली तर हलक्या रानाला काय उरले? ज्या शेतकऱ्याला कुट्टी करून ती रानातच गाडायची आहे त्याला कोणी भरीस पाडू नये. पाला आणि बारीक काटक्या रानातच राहाव्यात, जाड काडीच यंत्राकडे जावी. शाळेच्या चुलीतली आणि भट्टीतली राख परत मागून घ्यावी, तिच्यात पालाश असते. स्मशानातली राख अर्थात वेगळी, तिचा मान वेगळा.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि बहुतेक योजना तेथेच बुडतात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला तोंड दिले आहे, पण ते योग्य दिवशी उघडले पाहिजे. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची वहिवाट आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सभेत हा ठराव मांडला तर फार उशीर झालेला असतो, कारण तोवर बांधावर पहिले ढीग पेटलेले असतात. १ मेला मांडला तर रान मोकळे असते आणि लोकांना पाण्याची चिंता असते. २ ऑक्टोबरला कपाशी बोंडांवर असते, पऱ्हाटी हिरवी असते, आणि तिचे काय करायचे हे ठरवायला तीन महिने हाताशी असतात: काटा कोठे लावायचा, शेड कोरडी आहे का, गटात कोण कोण, शाळेला किती, स्मशानाला किती, आणि मागच्या रांगेतल्या बाईंच्या घराला किती.